आबा ओट्यावर बसले ती दुपार

आबा शेतातून यायचे तेव्हा त्यांच्या आधी त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. टायरच्या तळाच्या जाड चपला होत्या त्या. गल्लीच्या तोंडापासून नुसत्या घासत आल्या तर समजायचं, आज बरं आहे. टाच आपटत आल्या की माय फुंकणी खाली ठेवायची, धाकटा बापू कोठीच्या मागे सरकायचा आणि मी उगाचच केरसुणी हातात घ्यायची. आमचं घर धाब्याचं, सपाट मातीच्या छपराचं होतं. पुढे शेणाने सारवलेला ओटा आणि मागे गोठा. चाळीसगावहून धुळ्याला जाणारी छोटी गाडी गावापासून लांबून जायची, आणि वारा आमच्याकडे असला तर तिची शिट्टी स्वयंपाकघरात ऐकू यायची. पण आमच्या घरात कान लागलेले असायचे ते त्या चपलांकडे. आबा रोज मारणारे नव्हते. रोज मारत असते तर कदाचित सवय झाली असती. ते कधी भडकतील हे सांगता यायचं नाही. सकाळी बापूला खांद्यावर घेऊन विहिरीवर जाणारा माणूस संध्याकाळी ताट भिरकावून द्यायचा.

मायच्या हातची कळण्याची भाकरी गल्लीत नावाजलेली होती. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली, काळसर, जाड, वर तेलाची धार आणि बाजूला खलबत्त्यातला मिरचीचा ठेचा. त्या भाकरीचा वास आजही आला की माझी भूक आणि भीती एकदमच जागी होते, कारण एका सकाळी त्याच भाकरीवरून ते झालं. बैलाचा पाय मुरगळला होता, आबा पेरणीच्या काळजीत होते आणि भाकरीला राख लागलेली होती. त्यांनी पितळेचा तांब्या उचलून भिंतीकडे फेकला. मी त्याच वेळी उठत होते. तांब्या माझ्या डाव्या भुवईवर बसला. मला दुखलेलं आठवत नाही. डोळ्यावरून काहीतरी कोमट वाहत होतं आणि मायने पदराचा बोळा करून त्यात हळद दाबली, तेवढं आठवतं. माय रडली नाही, ओरडलीही नाही. आबांकडे न बघता फक्त म्हणाली, "आज पोरना डोया जाता." आज पोरीचा डोळा गेला असता, एवढंच.

त्या दिवसापासून आबा बदलले असं लिहून टाकणं सोपं आहे, पण तसं झालं नाही. काही दिवस ते बोललेच नाहीत. मग पुन्हा एकदा गड्यावर धावून गेले, पुन्हा एकदा दारावर लाथ मारली. बदल म्हणायचाच तर एवढा की आता प्रत्येक वेळी नंतर ते गोठ्यात जाऊन बराच वेळ बसायचे. एक दिवस निंदणीच्या वेळी त्यांनी मला बांधावर बोलावलं. माझ्या भुवईकडे बघत म्हणाले, "इंदू, मना चेहरा बदलना का मले पाणी आनी दे. बोलू काहीच नको."

मी म्हटलं, "मले तुम्हनं भ्याव वाटस."

"वाटस ना," ते म्हणाले, "म्हनीसनच तुले सांगस."

हे काम माझ्याकडे आलं आणि माझी झोप उडाली. माणूस संतापलेला असताना सगळे मागे सरतात; मला पुढे जायचं होतं. पहिल्या वेळी अर्धं पाणी वाटेतच सांडलं. आबांनी फटकारून भांडं उडवलं. मग स्वतःच खाली वाकून ते उचललं, रांजणातून भरलं आणि उभ्याउभ्या प्यायले. दुसऱ्या वेळी त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. कधी घेतलं, कधी नाही घेतलं. असं कित्येक महिने चाललं. मी त्यांच्या चेहऱ्याचा अभ्यास करायला शिकले. राग येण्याआधी त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि उजव्या हाताची बोटं आपोआप मिटायची. हळूहळू ती बोटं मिटून पुन्हा उघडायला लागली, माझ्या पाण्याची वाट न बघता. बापू मात्र अजून कोठीमागेच पळायचा. आपला बाप निवळला आहे यावर त्याचा विश्वास बसायला फार वर्षं लागली, आणि मला वाटतं त्यात त्याची काही चूक नव्हती.

पुढे मी धुळ्यात मुख्याध्यापिका झाले. निवृत्तीच्या अलीकडे आम्हाला एका थंडगार सभागृहात बसवून नेतृत्वाचं प्रशिक्षण दिलं होतं. पडद्यावर बाण आणि वर्तुळं होती, आणि आपला आदर्श नेता कोण ते शेजाऱ्याला सांगा, असा खेळ होता. माझ्या शेजारच्या बाईंनी पटकन एक मोठं नाव सांगितलं. मला गोठ्यात बसलेला एक माणूस दिसत होता आणि ते दोन मिनिटांत कसं सांगायचं ते कळेना. मी त्यांना म्हटलं, तुमचंच नाव चांगलं आहे, तेच माझंही लिहा.

आबा सरपंच झाले तेही कोणाला ते आदर्श वाटले म्हणून नाही. गावात दोन गट होते आणि दोघांचं एकमेकांच्या माणसावर एकमत होईना. आबा अलीकडे गप्प झाले आहेत, हे दोन्हीकडच्यांनी पाहिलं होतं. गप्प माणूस कोणालाही आपल्या कामाचा वाटतो. माय मात्र घाबरली. "घरमा राग सांभायतस ते गावमा सांभायता येई का?" असं तिने मला विचारलं, आबांना नाही.

आबा सरपंच झाले त्याच वर्षी उन्हाळ्यात ती बातमी आली. धाब्यावर आम्ही बायका-पोरी ज्वारीच्या चिकाचे पापड, म्हणजे बिबडे, घालत होतो. शेजारची काकू वर आली आणि पळीत चीक धरून बसलेल्या मायला म्हणाली, की पोरं पळवणारी टोळी आली आहे. शेजारच्या गावातून एक पोर गेलं. दुसऱ्या दिवशी तीच टोळी बुवांच्या वेशात होती, तिसऱ्या दिवशी बायकांच्या. कोणी म्हणे गोड खायला देतात, कोणी म्हणे नाकाला रुमाल लावतात. ऐकणारा प्रत्येक जण पुढच्याला सांगताना त्यात स्वतःच्या भीतीची थोडी भर घालायचा. दुपारी गल्ली ओस पडायला लागली. माय कामात असली की बापूच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दुसरं टोक खाटेच्या पायाला बांधायची, आणि चार वर्षांचा तो पोरगा वासरासारखा खाटेभोवती फिरायचा. आम्ही पोरी परसाकडेही घोळक्याने जायचो. रात्री वाऱ्याने कडी वाजली तरी मी उठून बसायची. गेल्या महिन्यात नातीने मला मोबाईलवर आलेला असाच एक मजकूर वाचून दाखवला, जवळजवळ त्याच शब्दांत, गोड खाण्यासकट. मी उठून दाराची कडी बघून आले. इतक्या वर्षांनी, एवढं सगळं बघून झाल्यावरही.

अशा दिवसांत ते जोडपं गावात आलं. जात्या-पाट्यांना टाकी लावणारी माणसं दरवर्षी यायची, दगडावर छिन्नीने बारीक खाचा पाडून द्यायची. पण नेहमीचा म्हातारा त्या वर्षी आला नाही. हे नवराबायको नवीन होते, हिंदी बोलत होते, आणि बाईच्या कडेवरचं दोनेक वर्षांचं पोर घाऱ्या डोळ्यांचं, गोरं होतं. आईबाप रापलेले, काळे. बाईने विहिरीजवळ खेळणाऱ्या एका मुलीला गुळाचा खडा दिला. मुलीच्या आजीने ते पाहिलं आणि किंकाळी फोडली.

आबा जेवून आडवे झाले होते. गलका ऐकून ते उठले आणि अनवाणीच धावले, मागे नाना, त्यांचा धाकटा भाऊ. थोड्या वेळाने मी ओट्यावरून पाहिलं तर आबा त्या माणसाला दंडाला धरून आणत होते, नाना त्याच्या बायकोला, आणि भोवती पंधरावीस माणसं होती. त्या माणसाचं नाक फुटलं होतं. "चौकशी मना ओटावर व्हई," आबा म्हणत होते. सरपंच म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी वाट दिली. आबांनी तिघांना घरात ढकललं आणि मायला म्हणाले, "कडी लाव. मी सांगस तोपर्यंत उघाडू नको." नानाला त्यांनी तिथूनच सायकलवर पिटाळलं, शेजारच्या गावात. कोणाचं पोर गेलं, कधी गेलं, ते विचारून ये, त्या पोराच्या बापालाच घेऊन ये. मग ते ओट्याच्या कडेला दाराकडे पाठ करून बसले.

आत अंधार होता. बाई कोठीला टेकून बसली होती, पोर छातीशी घट्ट धरून. तिचा नवरा हात जोडून मायला पुन्हा पुन्हा म्हणत होता, "हमारा ही बच्चा है, माई." माय त्याच्या नाकाला ओलं फडकं लावत होती, पण तिने बापूला उचलून आतल्या खोलीत ठेवलं होतं हे मी पाहिलं. तिलाही खात्री नव्हती. मलाही नव्हती. आम्ही ज्यांना लपवलं ते खरंच चोर असतील तर, ही भीती. आणि नसतील तर बाहेर काय होईल, ही दुसरी. त्या लहानग्याने रडायला तोंड पसरलं. रडण्याचा आवाज बाहेर गेला तर लोक बिथरतील, असं मला वाटलं. मी जवळ जाऊन त्याच्यापुढे कोपऱ्यातला बिबड्याचा तुकडा धरला. त्याने माझं बोट धरलं आणि तो तुकडा चोखायला लागला. त्याच्यासमोर मला हात स्थिर ठेवावा लागला. मग मी दाराच्या फटीला डोळा लावला.

गल्ली भरली होती. शेतातले लोक आले होते, कोणाच्या हातात काठ्या होत्या, कोणाच्या हातात बैल हाकायच्या पराण्या. आणि सगळे ओळखीचे होते. याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटली. पुढे साहेबराव काका होते. बापूला ताप भरला तेव्हा त्याला गाडीवर घालून चाळीसगावला नेणारे तेच. त्यांचा चेहरा ओळखू येईना.

"आबा, दार उघाडा," ते ओरडले. "त्यासले आमले द्या."

"नई देनार."

"तुम्हनं पोर जातं म्हंजे समजतं!"

"बठ्ठा जन बसा," आबा म्हणाले. "उभा राहीसन मी बोलनार नई."

कोणी बसलं नाही. आबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी एकेकाकडे बघून विचारायला सुरुवात केली. "साहेबराव, तुना दोन्ही पोरं कोठे शेतस?" काका म्हणाले, घरी. "सखाराम, तुनी नात?" ती आजीजवळ. असं ते विचारत गेले, नाव घेऊन, पोरांच्या नावासकट. ज्याला विचारलं तो क्षणभर तरी गर्दीतून सुटून आपल्या घरात जाऊन आल्यासारखा दिसायचा. गावातलं कोणाचंही पोर गेलं नव्हतं. "मंग कोनं पोर गयं?" आबांनी विचारलं. शेजारच्या गावाचं, असं सगळे एकदम म्हणाले. "नाना तठे गया शे. तो येस तोपर्यंत थांबू. खरं निंघनं तर मी सोता त्यासले पोलीसना ताब्यात देसू."

वाट बघणं सर्वांत कठीण होतं. ऊन डोक्यावर होतं, लू वाहत होती, माणसं घामाने निथळत होती आणि मागून नवीन येणारे पुढच्यांना ढकलत होते. मागच्यांना पुढचं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं. "पैसा खाई लिन्हा वाटतं सरपंचनी!" असं कोणी तरी ओरडलं, आणि त्याच्या मागोमाग दगड आला. तो आबांच्या कपाळावर लागल्याचा आवाज मला दाराच्या आत ऐकू आला.

आबा उठून उभे राहिले. मला त्यांची पाठ आणि एक कान दिसत होता. कानाची पाळी लाल झाली होती. उजव्या हाताची बोटं मिटली. आणि त्या हाताच्या अंतरावर, ओट्याच्या खांबाला, नानाने जाताना टेकवून ठेवलेली कुऱ्हाड होती. हात तिकडे सरकला. मी तेव्हा जेमतेम चौदाची असेन, पण मला स्वच्छ कळलं की आबांनी आता ती कुऱ्हाड नुसती उचलली तरी पुढचं कोणालाच थांबवता येणार नाही, ना त्यांना, ना लोकांना. मी मायला म्हटलं, "कडी काढ." ती नको म्हणाली. मी रांजणातून तांब्या भरला आणि स्वतःच कडी काढली.

बाहेर पाऊल टाकलं तेव्हा मला माणसं दिसलीच नाहीत, नुसता उजेड दिसला. मी आबांसमोर तांब्या धरला. रक्त त्यांच्या भुवईत उतरलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि त्यांची बोटं उघडली. पण तांब्या त्यांनी घेतला नाही. "त्यासले दे," ते म्हणाले. "ऊनमा उभा शेतस कवयना."

केव्हाचे उन्हात उभे होते ते, त्यांना पाणी द्यायचं होतं. ओट्याच्या पायऱ्या उतरून मी साहेबराव काकांपुढे गेले. त्यांच्या हातात काठी होती. मी तांब्या पुढे केला. त्यांनी आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग काठी काखेत धरून दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि वरून धार धरून प्यायले. बाजूच्याने हात पुढे केला. तोवर माय कळशी घेऊन दारात आली होती. मी तांब्या भरत होते, देत होते, भरत होते. तहान सगळ्यांनाच लागली होती. पाणी पिऊन झालं की माणूस आपसूक भिंतीच्या सावलीला सरकायचा, आणि सावलीत गेला की बसायचा. आबाही पुन्हा बसले. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, रक्त तसंच वाळू दिलं.

नाना परत आला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. त्याच्याबरोबर शेजारच्या गावचे दोन म्हातारे होते. नाना सायकल टाकून धापा टाकत म्हणाला, "तठे कोनंच पोर नई गयं." मग म्हाताऱ्यांपैकी एकाने सांगितलं, "आमले ते उलटं माहीत. पोर तुम्हना गावनं गयं, असं आमना गावमा बठ्ठा सांगतस." ते सांगताना तोच शरमला होता. आम्ही त्यांच्या पोरासाठी भीत होतो आणि ते आमच्या. कोणी हसलं नाही. कोणी माफीही मागितली नाही. माणसं धोतर झटकत उठली आणि एकेक करून गेली. साहेबराव काका सगळ्यांत शेवटी गेले. उजेड होता तोवरच आबांनी बैलगाडी जुंपायला लावली आणि नाना त्या तिघांना स्टेशनवर सोडून आला. जाताना त्या बाईने मायच्या पायाला हात लावला. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. तिला आमच्या गावातलं काहीच लक्षात ठेवायचं नसेल.

संध्याकाळी आबा परसात तोंड धुवायला बसले. मी पाणी घालत होते. त्यांच्या ओंजळीत पाणी राहीना. मग ते भिंतीला धरून ओकले. मी घाबरून मायला हाक मारणार, तर त्यांनी हाताने थांबवलं. "घाबरी गयथू मी," ते म्हणाले.

"लोकसले?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. "मनी सोतानीच मले भीती वाटनी. कुऱ्हाड दिखनी व्हती मले."

मी ओंजळीत पुन्हा पाणी घातलं. या वेळी ते टिकलं.

पुढच्या निवडणुकीत आबा पडले. परक्यांना घरात घेतलं, असं काही जण म्हणाले. कपाळ फुटलं तरी हात उगारला नाही, असला भित्रा सरपंच कशाला, असंही काही जण म्हणाले. आबांनी ते ऐकलं आणि कपाशीच्या कामाला लागले. मी आयुष्यात पुढे कितीतरी संतापलेल्या माणसांसमोर उभी राहिले, पालकांच्या, शिक्षकांच्या, एकदा तर दगड घेऊन फाटकाशी आलेल्या पोरांच्याही. दर वेळी भीती वाटली. भीती जाते असं मला कोणी सांगितलं तर माझा विश्वास बसत नाही. तिच्यासकट पायऱ्या उतरता येतात, एवढं मात्र मला ठाऊक आहे.

त्या दुपारनंतरच्या आठवड्यातच मी आबांना विचारलं होतं, "दगड कोनी मारा?"

"मले माहीत शे," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग काय? त्याले बी माहीत शे. आखो तिसराले कसाले सांगू?"

नंतर कित्येक वर्षं मी कान देऊन होते. पारावर, दुकानात, लग्नाच्या पंगतीत, आबा गावातल्या प्रत्येकाशी बोलायचे तेव्हा मी त्यांचा आवाज ऐकत राहायची. कोणा एकाशी बोलताना तो जरा तरी तुटेल, कोरडा होईल, आणि मला कळेल, असं वाटायचं. आबा गेले तोवर मी ऐकत होते. मला कळलं नाही.